वस्ती चांगली आहे ना?

दिवाळीचा अंक हाती आला की कथा-कवितांच्या आधी घरांच्या जाहिराती भेटतात. दसऱ्याला नोंदणी, पाडव्याला चावी, दोन शयनगृहे, एक बैठकीची खोली, आणि गच्चीवर एक बाग, जिच्यात पुढे कोणी बसणार नसते. चित्रातले जोडपे मोठे गोजिरे असते. तो बोटाने इमारत दाखवतो. ती कौतुकाने बघते. मला त्या चित्राचा राग येतो, कारण ते खरे आहे. तो दाखवतो आणि ती बघते, अशाच रीतीने आपल्याकडे घर ठरते. आणि चित्राच्या चौकटीबाहेर, दूर गावाकडे, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी फोन कानाला लावून उभी असतात. त्यांचा एकच प्रश्न असतो : “वस्ती चांगली आहे ना?”

माझे भांडण या प्रश्नाशी आहे.

काळजीशी भांडण नाही, हे आधीच सांगून टाकते. लेक परक्या गावी बिऱ्हाड थाटते आहे, सून उद्या दिवसभर एकटी घरात राहणार आहे. आईने विचारू नये तर कोणी विचारावे? पण ‘चांगली’ म्हणजे काय, हे एकदा त्यांना उलटून विचारून पाहा. नळाला पाणी कोणत्या दिवशी येते, हे त्यांना नको असते. रात्री गल्लीत दिवा असतो का, रिक्षा कोठवर येते, बाळंतीण अडली तर दवाखाना किती लांब, यांतलेही काही नको असते. दोन-तीन आडवळणे घेऊन प्रश्न अखेर आपल्या ठिकाणावर येतो : “म्हणजे... आजूबाजूला आपलीच माणसे आहेत ना?” मिळाले उत्तर. चांगली म्हणजे आपली. आणि आपली म्हणजे कोणाची, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

मी एका शाळेत चित्रकला शिकवते. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक आणि वर चित्रकलेच्या परीक्षा. कादंबऱ्या लिहिते त्या वाचकांच्या सोशिकपणावर. तेव्हा शास्त्रीय पाहणी वगैरे करणे हा माझा प्रांत नव्हे. पण जूनमध्ये प्रवेशाची गर्दी झाली की आम्हां शिक्षकांना कचेरीत बसवतात, आणि तेथे शहर कळते. बाहेरून येऊन चार-सहा वर्षे झालेल्या कुटुंबांच्या कागदांवर पत्त्याचा रकाना बघावा. पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या कागदावर तीन पत्ते खोडून चौथा लिहिलेला असतो. घर का बदलले, असे विचारले की वडील म्हणतात, “घरमालकाशी जमेना.” आई काही म्हणत नाही. वडील फी भरायला खिडकीशी गेले म्हणजे मग ती सांगते : पाणी रात्री अडीचला यायचे, किंवा, माझी नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, किंवा, तिथे दिवसभर बोलायला माणूस नव्हते. आजूबाजूला आपली माणसे नव्हती म्हणून आम्ही घर सोडले, असे मला आजवर एकीनेही सांगितलेले नाही.

आमचे शहर आल्या-गेल्यांचेच आहे. १९५६ साली येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९५८ साली विद्यापीठ, १९८१ साली उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले, १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. दर खेपेला परभणी, बीड, जालना, बुलढाणा, खानदेश, कोठकोठची माणसे ट्रंका घेऊन उतरली. आता शेंद्र्याकडे आणि बिडकीनकडे उतरत आहेत. त्यातले एखादे जोडपे डोळ्यांपुढे आणा. त्याला वाळूजच्या कारखान्यात जागा मिळते; ती परिचारिका आहे, घाटीत किंवा एखाद्या खासगी रुग्णालयात आज ना उद्या लागणार. तो पंधरा दिवस आधी येतो, मित्राच्या खोलीवर पथारी टाकतो, एका रविवारी तीन घरे बघतो आणि तिला फोटो पाठवतो. फोटोत फरशी दिसते, ओटा दिसतो, खिडकीला जाळी आहे तीही दिसते. पाणी दिसत नाही. शेजारीण दिसत नाही. मग मेहुण्याच्या ओळखीच्या कोणा गृहस्थाला फोन जातो, तो म्हणतो, “वस्ती चांगली आहे, सगळे आपलेच लोक आहेत,” आणि घर ठरते. ती टेम्पोत कपाटाशेजारी बसून येते, ती थेट त्या घरातच.

या विषयावर मी एकदा चार माणसांत बोलले, तेव्हा एका विद्वान गृहस्थांनी मला इतिहास ऐकवला. म्हणाले, “बाई, हे काही आजचे नाही. या शहराचे पुरेच तसे वसले आहेत.” इतिहास त्यांना पक्का ठाऊक होता. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसवली. १६५३ साली औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि गावाला त्याचे नाव पडले. मोगलांच्या बाजूने दख्खनेत आलेल्या रजपूत सरदारांची नावे आजही आमच्या पत्त्यांत आहेत : जयसिंगपुरा, जसवंतपुरा, करणपुरा, पदमपुरा. ज्याचा सरदार त्याचा पुरा, त्याची माणसे त्याच्याभोवती.

सगळे कबूल. पण ते फौजेचे तळ होते हो! मोहिमेवर निघालेला सरदार आपली माणसे आपल्या राहुटीभोवती ठेवतो, कारण आजूबाजूचा मुलूख त्याला शत्रूचा वाटतो. आमची सून वाळूजला काय मोहिमेवर आली आहे? आणि इतिहासातून एवढेच उचलायचे असेल तर त्याच पानावरची दुसरी ओळ का गाळावी? गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कारभार हाकणारा हा हबशी माणूस, त्याने गाव वसवताना डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणले. त्याच्यामागूनही नहरी होत राहिल्या. पाहुणे आले की आपण त्यांना पाणचक्की दाखवतो, हौद दाखवतो, बेगमपुऱ्यातला थत्ते हौद दाखवतो, आणि घरी येऊन टँकरला फोन करतो. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला वस्ती कशाने चांगली होते हे नेमके ठाऊक होते.

पुरे आणि आळ्या यांच्या बाहेर या शहराने आणखी एक प्रयोग पाहिला आहे, आणि त्याचे श्रेय आपण कधी देत नाही. १९७० नंतरच्या दशकात सिडकोने पूर्वेच्या माळावर नवे औरंगाबाद आखले. त्या वसाहतींना नावेसुद्धा दिली नाहीत. एन-१, एन-२ असे करीत एन-१३ पर्यंत आकडे दिले. माझ्या ओळखीचे एक जुने शिक्षक त्या आकड्यांना फार हसत. कैद्यांच्या कोठड्या आहेत जणू, असे म्हणत. मला त्या आकड्यांत एक मोठा गुण दिसतो. एन-७ ऐकून कोणाची जात कळत नाही. घर मिळायचे ते अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि सोडत यांच्या वाटेने. उत्पन्नाचे गट होते, राखीव जागा होत्या. पण सामाईक भिंतीपलीकडे कोण येऊन राहणार, हे निवडणे तुमच्या हाती नव्हते. पैठणचा तलाठी, त्याच्या शेजारी सोलापूरकडचा विणकर, त्याच्या शेजारी मिलिंद महाविद्यालयात शिकून कारकून झालेला तरुण, त्याच्यापुढे एक मुसलमान एस. टी. वाहक. अशा ओळींत वाढलेली मुले पुढे माझ्या वर्गांत आली. डब्यात काय आहे हे एकमेकांना विचारण्याची त्यांना गरज नसे. वास आधीच ओळखीचा असे.

तो प्रयोग टिकला असे मी म्हणत नाही. घरांवर मजले चढले, मूळची माणसे घरे विकून गेली, २००६ साली सिडकोने सगळा कारभार महापालिकेच्या हवाली केला, आणि विकत घेणाऱ्यांनी पुन्हा आपापली माणसे शोधली. म्हणजे सोडतीने जे जमले होते ते निवडीने मोडले. आम्हांला स्वातंत्र्य मिळाले की आम्ही आडनावे शोधतो.

आडनावाची गोष्ट निघाली आहे तर सांगते. आमच्या शाळेत एक तरुण शिक्षिका होती. तिचे नाव, गाव सांगत नाही. तिचा विवाह परजातीतला, दोघांच्या घरच्यांनी पुढे मान्य केलेला. या दोघांनी सात घरे पाहिली. पहिल्या ठिकाणी मालकीणबाईंनी चहा दिला आणि आडनाव विचारले. दुसऱ्या ठिकाणी आधी आडनाव विचारले, म्हणून चहा वाचला. तिसऱ्या ठिकाणी “तुम्ही व्हेज ना?” असे विचारले गेले. खरे म्हणजे ती दोघे अंडेसुद्धा खात नसत. पण त्या प्रश्नात जेवणाची चौकशी मुळीच नव्हती, हे त्यांना कळत होते. चौथ्या घरचे काका बरेच सरळ निघाले. म्हणाले, “बेटा, मला काही नाही, पण गल्लीतले लोक बोलतात.” गल्लीतले लोक! मला या गल्लीतल्या लोकांना एकदा भेटायचे आहे. जो भेटतो तो म्हणतो, मला स्वतःला काही नाही. मग ज्यांना काही आहे ते राहतात तरी कोणत्या गल्लीत?

परगावी नोकरीवर रुजू होताना घर न मिळण्याची सर्वांत कडू हकीकत या देशात ज्याने लिहून ठेवली, त्याच माणसाने आमच्या शहरात महाविद्यालय काढले, ही गोष्ट आमच्या घरमालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिकून आलेला माणूस. पण बडोद्यात डोके टेकायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी उतारूगृहात नाव बदलून राहिले. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तेथून बाहेर काढले. मित्रांची दारे वाजवली. त्यांनीही आपल्या अडचणी सांगितल्या. उरलेला दिवस बागेत बसून त्यांनी काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. बडोद्यातही कोणाला ‘स्वतःला काही’ नसावे! तेथून तेहतीस वर्षांनी, १९५० साली, याच गृहस्थांच्या संस्थेने आमच्या शहरात महाविद्यालय सुरू केले, आणि जेथे मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांना राहायला जागा नव्हती तेथे नागसेनवनात वसतिगृहे उभी राहिली. आज त्यांचे नाव विद्यापीठाला आहे. त्या विद्यापीठात शिकलेले तरुण विद्यापीठापासून दोन मैलांवर खोली बघायला जातात, आणि दारात त्यांना पहिला प्रश्न आडनावाचा येतो.

आता कोणी म्हणेल, कायदा आहे की. कायद्यावर फार विसंबू नका. आपल्या समाजापुरतेच सभासदत्व ठेवणाऱ्या गृहनिर्माण संस्थेचा तसा नियम चालू शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिलेला आहे. आणि भाड्याच्या खोलीचा नकार तर कागदावर येतच नाही. “कालच दिली हो,” एवढेच त्याचे शब्द असतात.

वडीलधाऱ्यांच्या प्रश्नामागे भीतीही असते, आणि ती मी खोटी म्हणणार नाही. २०१८ च्या मे महिन्यात शहागंज-मोतीकारंजा भागात दुकाने जळाली, माणसे दगावली. २०२३ च्या मार्चअखेर किराडपुऱ्यात एका रात्री पोलिसांच्या गाड्या पेटल्या. दूर गावी दूरदर्शन संचापुढे बसलेल्या आईला ते दिसते, आणि ती म्हणते, “आपल्या लोकांत राहा गं बाई.” तिला दोष देववत नाही. पण भीतीवर हा उतारा पडतो का, एवढेच बघू. दोन वस्त्यांच्या मध्ये एक रस्ता असतो. अलीकडे सगळे एका प्रकारचे, पलीकडे सगळे दुसऱ्या प्रकारचे. पलीकडे काहीतरी झाले अशी आवई उठते. खरे काय, हे कोणाला विचारायचे? पलीकडचा एकही दूरध्वनी क्रमांक अलीकडे कोणाकडे नसतो. आवईला मग मोकळे रान मिळते. जेथे भिंतीला भिंत लागून राहणारी माणसे वेगवेगळी आहेत, तेथे निदान दाराची कडी वाजवून विचारता तरी येते, “भाभी, काय झालं हो चौकात?” संरक्षणासाठी म्हणून जी वेगळी वस्ती निवडली, तीच भीतीला खतपाणी घालते; आणि दंगल काही रोज होत नाही, पण बाळंतपण, लहान मुलाचा ताप, गॅस संपणे, किल्ली आत राहून दार लागणे या गोष्टी रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी होतच असतात. त्या वेळी ‘आपले’ माणूस म्हणजे ज्याच्या दाराशी मोटरसायकल उभी आहे आणि जो उठतो, तो.

मग चांगली वस्ती कोणती? आमच्या शहरापुरते उत्तर द्यायचे तर आधी पाण्याबद्दलच बोलले पाहिजे. आमचे पाणी पैठणच्या नाथसागरातून येते. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले. आशियातल्या मोठ्या मातीच्या धरणांत ज्याची गणना होते ते धरण शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, आणि शहराने मात्र चार दिवसांआड, सहा दिवसांआड, उन्हाळ्यात त्याहूनही लांबणीचे पाणी वर्षानुवर्षे पाहिले. समांतर जलवाहिनीचा करार २०१६ साली मोडीत निघाला. २०२० च्या डिसेंबरात सोळाशे ऐंशी कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. २०२२ च्या उन्हाळ्यात पाण्यासाठी मोर्चे निघाले तेव्हा पाणीपट्टी निम्मी केली गेली. पाणी दुप्पट करणे अवघड होते, पट्टी निम्मी करणे सोपे. २०२३ साली शहराचे नाव बदलले. पाण्याचे वेळापत्रक त्या वर्षी जुनेच राहिले.

या पाण्याला वार असतो आणि वेळ असते, आणि एका गल्लीचा वार दुसऱ्या गल्लीचा नसतो. पाचवीच्या वर्गाला मी दर वर्षी ‘माझे घर’ हा विषय देते. डोंगर, दोन डोंगरांमधला सूर्य आणि घराशेजारची नदी हे सगळीकडची मुले काढतात; पाहिलेली नसली तरी काढतात. पण आमच्या मुलांच्या चित्रांत दारापुढे निळे पिंप असते. कोणते मूल कोणत्या वस्तीतले, हे मला पिंपांवरून ओळखता येऊ लागले आहे. एका मुलीने सात पिंपे काढली होती, एकेक पिंप मन लावून, झाकणांसकट. माणसे चारच होती, आणि त्यांतली आई पिंपापाशी होती. मी विचारले, “बाबा कुठे?” तर म्हणाली, “बाबा झोपलेत ना. पाणी रात्री येतं.”

घर ठरवताना ज्याने फोटो पाठवले तो झोपलेला, आणि जिने फोटो पाहिले ती मोटर चालू करून पाइप धरून उभी! आमच्या शाळेत शिक्षिकांच्या किरकोळ रजा कशा संपतात ते मुख्याध्यापकांना विचारा. आजारपणाला त्या उरतच नाहीत. टँकरवाला दुपारी येतो म्हणाला, तो संध्याकाळी आला. एक रजा गेली. तेव्हा वस्तीच्या चांगुलपणाचा पहिला पुरावा म्हणजे जमिनीखालची टाकी आणि नळाला येणारा दाब. आणि तो पुरावा घरमालकाकडे मागायचा नसतो. दुपारी चार वाजता खालच्या मजल्यावरची बाई कपडे वाळत घालीत असते, तिला विचारायचा.

‘चांगल्या’ वस्तीत या कटकटी नसतात, असा एक समज आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या कचरा डेपोला कंटाळलेल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आणि पुढे कित्येक आठवडे शहराचा कचरा शहरातच साचला. मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा टाकायला गेलेल्या गाड्यांवरून दगडफेक आणि लाठीमार झाला. त्या दिवसांत उल्कानगरीत आणि पुंडलिकनगरात नाकाला रुमाल सारखाच होता. दुर्गंधीला आडनाव कळत नाही. आपला कचरा नारेगावच्या माणसांच्या उंबऱ्यावर टाकून आपण आपल्या वस्तीला स्वच्छ म्हणत होतो, हे मात्र तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळले, आणि पावसाळा येताच ते विसरलेही.

अंतराचे पाहा. वाळूजला जाणाऱ्याला कारखान्याची बस चौकातून उचलते. तो सकाळी डुलकी काढीत जातो. त्याच्या सोयीने घर शहराच्या पश्चिमेला घेतले, आणि तिची नोकरी लागली चिकलठाण्याला. आता तिने दोन रिक्षा बदलून, जालना रस्त्यावरच्या सगळ्या चौकांना नमस्कार करीत जावे. २०१९ च्या सुरुवातीपासून शहरात नव्या बसगाड्या धावू लागल्या, ही चांगली गोष्ट. पण नव्या वसाहतीतून त्या बसच्या थांब्यापर्यंत जाणारा दिव्याचा रस्ता कोणी बघितला होता का? सातारा-देवळाईकडे स्वस्तात घर घेतलेल्या जोडप्यांचे आयुष्य शिवाजीनगरच्या रेल्वे फाटकापाशी उभे राहण्यात वर्षानुवर्षे गेले. घर बघायला ते रविवारी गेले होते, म्हणून त्यांना फाटक उघडे दिसले. अशा जोडप्यांत पुढे काय घडते ते ठरलेले आहे. सहा महिने ती धावपळ करते, मग तिच्या सासूबाई म्हणतात, “एवढ्या पगारासाठी कशाला गं जीव काढतेस?” आणि ती नोकरी सोडते. पुढे सगळे म्हणतात, तिला नोकरीची फार आवड नव्हतीच. कोणी असे म्हणत नाही की तिची नोकरी त्या रविवारीच गेली, ज्या रविवारी त्याने तीन घरे पाहिली.

आणखी एक गंमत कागदाची. २०२१ पासून महाराष्ट्रात केवळ स्त्रीच्या नावावर घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. लगेच घरोघरी लक्ष्मीच्या नावाने खरेदीखते होऊ लागली. सवलतीपुरती ती मालकीण! सही कोठे करायची ते दाखवायला नवरा शेजारी असतो. ज्या घरावर तिचे नाव लागणार ते तिने आधी पाहिले होते का, एवढा एक प्रश्न दुय्यम निबंधकाने विचारावा असा नियम करता आला असता, तर अर्धी खतेही झाली नसती.

आणि ज्यांना खरेदीखत परवडत नाही ते शहराच्या कडेला नुसत्या बाँडवर वीस बाय तीसचा तुकडा घेतात. अशा गुंठेवारी वसाहती आमच्याकडे शंभरांहून अधिक आहेत. त्या नियमित करण्यासाठी २००१ साली कायदा झाला, २०२१ साली मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतची बांधकामे त्यात घेतली. तेथे राहणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. शहराने त्यांना दुसरी जागा ठेवली नव्हती. राग येतो तो त्या दलालाचा, जो लग्नातले दागिने मोडून आलेल्या दोघांना सांगतो, “पाणी काय, लाइट काय, सगळे येईल, वस्ती चांगली आहे, सगळे आपलेच आहेत.” आपलेच आहेत म्हटले की कागद बघायची लाज वाटते. या एका शब्दावर या शहरात जेवढी फसवणूक झाली असेल तेवढी दुसऱ्या कशावर झाली नसावी. परक्याकडून घेताना माणूस सातबारा मागतो.

तेव्हा जी जोडपी या दिवाळीनंतर आमच्या शहरात येणार आहेत त्यांना सांगते. घर विकत घेण्याची घाई करू नका. भाव वाढतील म्हणून जे भिववतात त्यांचा वाढत्या भावावर काही टक्के हक्क असतो. आधी भाड्याने राहा. दोघे मिळून बघा, आणि पायी बघा. पहाटे पाचला एकदा गल्लीतून जा, म्हणजे पाण्याच्या मोटरी कोठे वाजतात ते कळेल. रात्री नऊला तिने एकटीने चौकातून घरापर्यंत चालून बघावे, आणि त्याने मागून मोटरसायकलवर येऊ नये. भाजीवालीला विचारा, तिला दोन वस्त्यांतली उधारीही कळते आणि माणुसकीही. किराणा दुकानात एक काड्यापेटी घ्या आणि दहा मिनिटे उभे राहा. कोणी तुमचे आडनाव विचारले तर नाव सांगा. पुन्हा आडनावच विचारले तर नमस्कार करून पुढच्या गल्लीत जा. त्या घरात पाणी चोवीस तास असले तरी जा. आणि घर कोणते, हा शेवटचा शब्द तिचा असू द्या, कारण मुक्काम दोघांचा असला तरी पाइप तिच्या हातात असतो. ज्या घरात पाइप त्याच्या हातात असेल तेथे शेवटचा शब्द त्याचा. माझी काही हरकत नाही.

आणि गावाकडे फोन कानाला लावून बसलेल्या मावशी, तुम्ही जरूर विचारा. पण पाण्याचा वार विचारा. रुग्णालय किती लांब ते विचारा. शेजारणीचे नाव विचारा, नुसते नाव. मुलीला विचारा की घर तू स्वतः पाहिलेस का, आणि ती “हो” म्हणाली तर कोणत्या वेळी पाहिलेस तेही विचारा. भाडेकरार आमच्याकडे अकरा महिन्यांचा करतात. दिवाळीनंतर घर घेतले की त्या अकरा महिन्यांत एक मे येतो आणि एक जुलै येतो. मेमध्ये नळ कळतो, जुलैमध्ये गल्लीतला चिखल कळतो. शेजारी त्याच्या आधीच कळलेले असतात.